दोन आकडे जुळले तेव्हा

बातमी आली तो मंगळवार होता. सकाळचे नऊ वीस. मी इथेच, याच स्टुलावर, एका टेम्पोच्या हॉर्नची वायर कुठे तुटलीय ते शोधत बसलो होतो. फोन वाजला. माझ्या साडूचा होता, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. त्याचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, गाडीत काही नव्हतं हं."

मी विचारलं, "कुठल्या गाडीत?"

"दादांच्या. मी शनिवारी बघून दिली होती. सगळं ओके होतं."

"बरं. मग?"

मग त्याने सांगितलं, की माझा थोरला भाऊ पहाटे गेला.

माणूस गेल्याचं कळवायला फोन केला आणि आधी स्वतःचे हात झटकून घेतले. या साडूची ओळख मला याहून चांगली करून देता येणार नाही.

तुम्ही दोघं मघापासून भुताची गोष्ट सांगा म्हणून मागे लागलाय. ती बॅटरी चार्ज व्हायला अजून तासभर आहे, किडे येतात म्हणून दिवाही घालवलाय, तेव्हा सांगतो. पण केस मोकळे सोडून रस्त्यात उभ्या राहणाऱ्या बाया माझ्याकडे नाहीत. मागे वळून बघू नकोस म्हणणारे आवाजही नाहीत. ज्या भुताला एवढंच सुचतं त्याची मला कीव येते. ही गोष्ट माझ्या साडूच्या बाबतीत घडली. घडली त्या रात्री दीड तासाच्या आत त्याने ती मला सांगितली, आणि त्याच्याकडे कल्पनाशक्ती नावाची वस्तू नाही. ती असती तर तो बरा मेकॅनिक झाला असता.

त्याचं गॅरेज तुम्ही पाहिलंय. भल्यामोठ्या पाटीवर 'संगणकीय निदान' असं लिहिलेलं. त्या पाटीमुळेच सगळे त्याला डॉक्टर म्हणतात आणि त्याला ते खरं वाटतं. स्कॅनर घेतल्यापासून त्याने हाताने काही तपासलेलं मी पाहिलं नाही. गाडी आली की यंत्र जोडायचं, बिघाडाचा कोड वाचायचा, कोड पुसायचा. डॅशबोर्डवरचा दिवा विझला की गिऱ्हाईक खूश. रोगी बरा झाला का, ते रोग्याने घरी जाऊन बघायचं.

हसू नका. तुमच्या सर्व्हिस सेंटरातही तेच चालतं, फक्त एसीत.

तर शनिवारी दादा गाडी घेऊन आधी माझ्याकडे आला होता. तो शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून डकवून त्याचा स्वभावच तसा झालेला. गाडीचं दुखणंही त्याने कागदावर लिहून आणलं होतं. तारीख, वेळ, काय झालं. 'पेडल पूर्ण दाबले. गाडी उचलली नाही. दिवा लागला. बंद करून चालू केल्यावर ठीक.' अशा सहा नोंदी. मी एका गाडीचा अल्टरनेटर उघडून बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "दादा, डॉक्टरकडे टाक. माझ्याकडे स्कॅनर नाही."

तो म्हणाला, "तू नुसतं ऐकून तर घे."

मी म्हणालो, "सोमवारनंतर ये."

तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने यंत्र जोडलं, पेडलच्या सेन्सरचा कोड आला, त्याने पुसला, गल्लीत एक चक्कर मारली आणि गाडी परत दिली. दादाचा कागद त्याने बोटाचं ग्रीस पुसायला घेतला. हे मला त्याच्याच कामगाराने सांगितलं.

आता हा सेन्सर काय करतो ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, म्हणून पुन्हा सांगतो. पूर्वी ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तार असायची. पाय दाबला की तार ओढली जायची. आता तार नाही. पेडलमध्ये दोन साक्षीदार बसवलेत. पाय किती दाबला हे दोघंही वेगवेगळं सांगतात, आणि एकाचा आकडा नेहमी दुसऱ्याच्या दुप्पट असतो. हा शून्य पॉइंट आठ म्हणाला तर तो शून्य पॉइंट चार म्हणणार. हा चार, तर तो दोन. गाडीचा संगणक दोघांचं ऐकतो. जुळलं तर इंजिनाला जोर देतो. नाही जुळलं, तर कोणाचंच ऐकत नाही. मग पेडल जमिनीला टेकवा, गाडी नुसती रांगते.

हे तपासायला स्कॅनरही पुरतो, पण त्याच्यासमोर बसावं लागतं. किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही, पेडल हळूहळू दाबायचं आणि दोन्ही आकडे बघत राहायचं. कुठेतरी एक साक्षीदार अडखळतो. डॉक्टरला हे मीच शिकवलं होतं. त्याने मान डोलावली होती. मान तो चांगली डोलावतो.

मंगळवारी पहाटे दादाला शेजारच्या गावी परीक्षेच्या कामाला जायचं होतं. सव्वापाचला निघाला. फाट्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना गाडी अर्धी वळली आणि रांगायला लागली. मागून भरलेला ट्रक. गाडीचा मागचा भाग पार चेपला, पुढचा जसाच्या तसा. दादाच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. मान गेली.

घरी माणसं जमली. अशा वेळी माणसं जमतात आणि प्रत्येकाला अपघातातलं सगळं कळतं. एक म्हणाला, वयोमानाने होतं. दुसरा म्हणाला, पहाटेची वेळ वाईटच. तेवढ्यात डॉक्टर म्हणाला, "डुलकी लागली असणार. गाडी फर्स्टक्लास होती. मी स्वतः बघितली होती."

समोर वहिनी बसल्या होत्या.

सोमवारी रात्री वहिनींची दाढ दुखत होती. दादा दोन वाजेपर्यंत जागा होता. मिठाचं पाणी गरम करून देत होता, औषध शोधत होता. तीन तास झोपून उठला आणि गेला. डॉक्टरचं वाक्य ऐकलं आणि वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी जागवलं हो त्यांना." मग हळू आवाजात, "झोप लागली होती का हो त्यांना?"

एवढाच प्रश्न. त्या दिवसापासून त्या तेवढाच विचारतात. दाढ नंतर काढून टाकली. प्रश्न राहिला.

गाडी ओढून आणली ती डॉक्टरच्याच गॅरेजात, कारण क्रेन त्याच्याकडे. सरकारी तपासणीस शुक्रवारी सकाळी दहाला येणार होता. गाडीत दोष होता की चालवणाऱ्यात, हे तो लिहिणार होता. वहिनींना कोणी काहीही सांगितलं तरी पटणार नव्हतं, तो कागद पटला असता. त्या शिक्षिका होत्या. सहीशिक्क्यावर विश्वास.

आणि डॉक्टरलाही तो कागद हवा होता. वेगळा.

गुरुवारी रात्री जेवून झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "शटरला कुलूप लावलं का बघून येतो." निघताना कपाटातून एक खोका घेतला. आत कोरं पेडल होतं, सेन्सरसकट. बेत साधा. जुनं काढायचं, नवं लावायचं, कोड पुसायचा. सकाळी तपासणीस येईल, सगळं ठीक दिसेल, डुलकी पक्की. मेलेल्या माणसावर ढकलणं सर्वांत सोपं. तो काही बोलत नाही.

अकरा चाळीसला तो पोचला. शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरला, पुन्हा खाली ओढलं. मोठा दिवा लावला नाही, टॉर्च घेतला. ताडपत्री बाजूला केली. गाडीला दुसरी बॅटरी जोडली, स्कॅनर जोडला. चालवायच्या जागेवर बसायची त्याची हिंमत झाली नाही. दार उघडं ठेवून तो बाहेर गुडघ्यांवर बसला, किल्ली फिरवली आणि पेडल हाताने दाबलं. का, ते त्यालाही सांगता येईना. बहुतेक मी शिकवलेलं आठवलं असावं, पाच दिवस उशिरा.

एक आकडा चढत गेला. दुसरा निम्म्यापर्यंत आला, थरथरला आणि धाडकन शून्यावर पडला.

चार मिनिटं लागली त्याला. शनिवारी त्याच्याकडे चार मिनिटं नव्हती.

त्याने जुनं पेडल काढलं. तीन नट, एक कनेक्टर. फडक्यात गुंडाळलं. नवं बसवलं. त्याच्या दांड्यावर कंपनीचं पांढरं लेबल होतं, ते सोलायलाही थांबला नाही. कनेक्टर टक्‌ करून बसला. कोड पुसला. मग वळसा घालून पलीकडच्या दाराने शेजारच्या सीटवर येऊन बसला, स्कॅनर मांडीवर घेतला आणि आकडे बघितले.

शून्य पॉइंट आठ. शून्य पॉइंट चार.

उत्तम. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता किल्ली काढायची आणि घरी जायचं.

आकडा बदलला.

शून्य पॉइंट नऊ.

त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो त्याच्या लायकीचाच. नवा पार्टही खराब निघाला. पुरवठादाराला शिवी दिली.

एक पॉइंट दोन... एक पॉइंट सहा...

इंजिनाच्या बाजूने बारीक किरकिर आली. इंजिन बंद असलं तरी किल्ली चालू असताना पेडल दाबलं की हवेची झडप उघडते, तिच्या मोटरचा आवाज. तुम्ही रोज ऐकता. तो आवाज.

काय म्हणालीस? कनेक्टरमध्ये पाणी? छान. तुझ्या साहेबाने शिकवलेलं दिसतंय. पाणी गेलं की आकडे पिसाळतात. एक इकडे, एक तिकडे. डॉक्टरलाही तेवढं कळतं. म्हणून त्याने दुसरा आकडा बघितला.

शून्य पॉइंट आठ. पहिल्याच्या बरोबर निम्मा.

पहिला दोन. दुसरा एक.

पहिला तीन. दुसरा दीड.

खराब सेन्सरचे आकडे असे कधी जुळत नाहीत पोरांनो. दोन साक्षीदार शेवटपर्यंत एकच सांगतात ते फक्त एकाच प्रसंगी. पेडल खरोखर दाबलं जात असतं तेव्हा.

पहिला चार. दुसरा दोन.

पूर्ण.

आणि तिथेच राहिले.

डॉक्टरने मान वळवली नाही. फक्त टॉर्च. टॉर्चचा झोत त्याने चालकाच्या पायांच्या जागेवर टाकला.

पेडल जमिनीला टेकलेलं होतं.

वर काही नव्हतं.

त्याने मोजलं. का मोजलं, देव जाणे. अकरा सेकंद. मग पेडल वर आलं. हळू. स्प्रिंग करकरली. आकडे उतरले. शून्य पॉइंट आठ. शून्य पॉइंट चार.

थोडा वेळ काहीच नाही.

मग पुन्हा.

घाई नव्हती त्यात. राग नव्हता. तो नंतर मला म्हणाला, भाऊ, गिऱ्हाईक दाखवतं ना, बघा, मी दाबतोय, तसं. हे बघा. पूर्ण दाबतोय.

ब्रेक हलला नाही. क्लच हलला नाही. तेवढं एकच.

त्याने ओणवं होऊन हात घातला. डोळे मिटून. कनेक्टर उपटला. मांडीवरचे दोन्ही आकडे शून्य झाले. झडपेची किरकिर बंद. गॅरेजात... काही नाही.

मग स्प्रिंग करकरली.

आता यंत्राला काही दिसत नव्हतं. वायरच नव्हती. तरी पेडल खाली जात होतं. कोणाला दाखवायला, ते एकट्या डॉक्टरला कळलं.

तो म्हणाला, "दादा."

पेडल खालीच राहिलं.

"दादा... मी लिहून देतो. सकाळी. सांगतो त्यांना."

...

"शपथ."

पेडल वर आलं.

त्याने कनेक्टर परत कसा लावला, किल्ली कशी काढली, त्याला आठवत नाही. एक वाजून पंचवीस मिनिटांनी माझ्या दारात उभा होता. एका पायात चप्पल नव्हती. काखेत फडक्यातलं जुनं पेडल. मी त्याला पाणी दिलं. बस म्हणालो नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं, आकड्यांसकट. भुताची गोष्ट रचणारा माणूस आकडे देत नाही आणि दिले तर ते जुळत नाहीत. याचे जुळत होते.

मी जुनं पेडल टेबलावर घेतलं, पाच व्होल्ट दिले, मीटर लावला. निम्म्यावर दुसरा साक्षीदार पडला. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा पडला. दादा झोपला नव्हता. दादा पाय जमिनीत रोवून बसला होता आणि गाडी त्याचं ऐकत नव्हती.

डॉक्टर रडायला लागला. माझे पाय धरले. गॅरेज बंद होईल, मला आत टाकतील, दोन मुली आहेत. मी म्हणालो, "शब्द मला दिलेला नाहीस. ज्याला दिलास त्याच्याशी बघ."

मला वाटलं, मी फार करारी बोललो.

शुक्रवारी तपासणीस दहाऐवजी पावणेबाराला आला. चहा घेतला. पेडलवर टॉर्च मारून मोबाईलने एक फोटो काढला. स्कॅनरवर कोड नव्हता. मी तिथेच होतो. डॉक्टरने तोंड उघडलं. मला वाटलं, आता. तो म्हणाला, "साहेब, साखर बरोबर आहे ना?"

तपासणीसाने उभ्या उभ्या लिहिलं. 'पेडल सुस्थितीत. वाहनात दोष आढळला नाही. चालकास डुलकी लागल्याची शक्यता.' नव्याकोऱ्या पेडलवर लेबल चिकटलेलं, गाडी नऊ वर्षांची, आणि या गृहस्थाला शंका आली नाही. अशा माणसांच्या सहीने जग चालतं.

तो कागद संध्याकाळी मीच वहिनींकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घातली. म्हणाल्या, "म्हणजे झोपच."

माझ्या पिशवीत जुनं पेडल होतं. मी ते दाखवायलाच घेऊन गेलो होतो.

मी म्हणालो, "चहा करू का वहिनी? तुम्ही सकाळपासून काही घेतलं नाहीये."

डॉक्टरला मी इतकी नावं ठेवली. त्याने निदान एकदा खरं बोलायची शपथ तरी घेतली, अंधारात, घाबरून. मी उजेडात, चांगला शुद्धीवर, चहाला आधण ठेवलं.

गाडी महिनाभर त्याच्या गॅरेजात पडून होती. अंधार पडायच्या आत तो शटर ओढून घरी जायचा. ताडपत्रीला कोणी हात लावला नाही, कामगारांनीसुद्धा. एकाने मला सांगितलं, सकाळी उघडायला गेलं की कधीकधी आतून करकर ऐकू येते. उंदीर असतील म्हणाला.

मग भंगारवाला आला. मी डॉक्टरला म्हणालो, ते नवं पेडल मी काढून घेतो. तो आत आला नाही. दारातच उभा राहिला, पाठ करून.

तीन नट, एक कनेक्टर. पेडल बाहेर आणून उन्हात धरलं.

तपासणीसाचा फोटो अहवालाला जोडलेला होता, तो मी पाहिला होता. पेडलच्या रबरावरच्या रेघा त्यात कोऱ्या आणि धारदार होत्या. त्या दिवसानंतर ती गाडी वीतभरही हलली नव्हती. दांड्यावरचं पांढरं लेबल अजून होतं, एक कोपराही सुटलेला नाही.

रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. वरच्या उजव्या कोपऱ्यात तर पार आरपार, खालचा पत्रा दिसत होता. दादाच्या उजव्या बुटाचा तळ नेहमी बाहेरच्या बाजूने झिजायचा. तो तसाच चालायचा.

डॉक्टरने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." फडक्यात बांधून घेऊन आलो.

हो, आहे. त्या वरच्या खणात, दोन्ही पेडलं. जुनंही आणि नवंही. नको, आता उघडू नकोस. सकाळी बघ.

आणि पोरी, तू मघापासून जे विचारायचं टाळते आहेस त्याचं उत्तर. वहिनींचं घर इथून दोन गल्ल्या सोडून आहे. मी रोज तिथून जातो. कधी त्या दारात असतात, थांबवतात, इकडचं तिकडचं विचारतात, आणि शेवटी ते विचारतात. या गोष्टीला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.